खवल्या मांजराला बचावात दहापैकी दहा? (प्राण्यांच्या कार्डांचा डबा, साडेतीन स्टार)

भाचीसाठी घेतला होता हा डबा, आणि खरं सांगायचं तर तिच्यापेक्षा मीच जास्त खेळलोय, त्यामुळे रिव्ह्यू लांबणार आहे. घाईत असाल तर एवढंच वाचा: घ्या, कार्डं झकास आहेत, फक्त मार्कांवर विश्वास ठेवू नका आणि सोबतची पुस्तिका आली तशी कपाटात टाका.

आत काय आहे तर ६० कार्डं, पोस्टकार्डाएवढी. पुढे चित्र, मागे त्या प्राण्याची ‘कमाल’, म्हणजे ह्याच्याकडे असं काय आहे जे बाकीच्यांकडे नाही, आणि खाली चार रकाने, वेग, ताकद, हुशारी, बचाव, प्रत्येकाला दहापैकी मार्क. खेळ तोच जुना, आपलं वरचं कार्ड काढायचं, रकाना बोलायचा, ज्याचा आकडा मोठा त्याने दोन्ही कार्डं न्यायची. शिवाय ‘संवर्धन’ नावाची १६ पानी पुस्तिका. तिच्याबद्दल शेवटी बोलू, कारण माझं खरं भांडण तिच्याशीच आहे.

आधी चांगलं सांगतो. कमालीचा मजकूर ज्याने कुणी लिहिलाय त्याला मानलं बुवा. नुसतं ‘आश्चर्यकारक! अद्भुत!’ करत बसलेला नाही, कसं होतं ते सांगतो. वुड फ्रॉगचं कार्ड घ्या. अलास्कातला इवलासा बेडूक, हिवाळ्यात पालापाचोळ्याखाली चक्क गोठतो, अंगातलं निम्म्याहून जास्त पाणी बर्फ होतं, श्वास बंद, हृदय बंद, हातात घेतला तर दगड. तरी मरत नाही, कारण गोठायला लागल्याबरोबर त्याचं यकृत रक्तात भसाभस साखर सोडतं आणि त्या साखरेच्या पाकामुळे पेशींच्या आतलं पाणी गोठत नाही, बर्फ होतो तो पेशींच्या बाहेर. वसंतात वितळताना आधी हृदय सुरू होतं, मग बाकीचं अंग जागं होतं. भाचीने हे कार्ड तीनदा वाचलं, मग फ्रीजकडे बघायला लागली, तेव्हा मी घाईघाईने सांगितलं की हे त्याच्यासारख्या मोजक्याच बेडकांना जमतं, आपल्या बागेतल्या बेडकाला नाही.

वॉम्बॅट ह्या ऑस्ट्रेलियातल्या गुबगुबीत प्राण्याचं कार्डही असंच. त्याची लेंडी चौकोनी असते हे बऱ्याच जणांना ऐकून माहीत असतं, पण का, तर आतड्याच्या भिंतीचा काही भाग ताठ आणि काही सैल असतो, त्या आकुंचनातून कोपरे पडतात. पोरं ह्या कार्डावर किती वेळ हसतात ह्याची गॅरंटी मी देतो. पाणघोड्याच्या लाल घामाचंही आहे, जो घाम नाहीच, त्वचेतून झिरपणारा चिकट द्रव आहे, ऊनही अडवतो आणि जंतूही. जिराफाचं जरा कंटाळवाणं लिहिलंय, सोडून द्या.

गॉडविटवर मात्र जीव जडला. पाणथळीतला लांब चोचीचा साधा दिसणारा पक्षी, २०२२ साली ह्यातलं एक पाच महिन्यांचं पिल्लू अलास्कातून निघालं ते थेट टास्मानियात उतरलं, ११ दिवस, १३,५६० किलोमीटर, मध्ये एकदाही खाली बसलं नाही, खाणं नाही पाणी नाही. निघायच्या आधी हे पक्षी अंगावर एवढी चरबी चढवतात की अर्धं वजन तिचंच, आणि उगाच ओझं नको म्हणून आपलं आतडं आक्रसून घेतात. आपण ट्रेकला जाताना बॅगेतून एक स्वेटर काढायचा की नाही ह्यावर तासभर वाद घालतो.

आता चुका. कशा राहिल्या देव जाणे. उंटाच्या कार्डावर मदारीत ‘पाणी साठवतो’ असं छापलंय. चरबी असते हो तिथे, चरबी! पाण्याची काटकसर तो वेगळ्याच युक्त्यांनी करतो, श्वास सोडताना नाकातच ओलावा परत शोषून घेतो, उन्हात अंगाचं तापमान काही अंशांनी वाढू देतो म्हणजे घाम गाळावा लागत नाही, आणि रक्तातल्या तांबड्या पेशी लंबगोल असतात म्हणून एका दमात शंभरेक लिटर पाणी प्यायला तरी फुटत नाहीत. मदारीपेक्षा कितीतरी भारी गोष्ट आहे ही आणि तीच नाही. शहामृग वाळूत डोकं खुपसतं हेही आहे. ते बिचारं जमिनीतल्या खळग्यातली आपली अंडी चोचीने फिरवत असतं, लांबून डोकं गायब झाल्यासारखं वाटतं. आणि सरडा ‘मागच्या भिंतीसारखा रंग घेतो’, तर शॅमेलियन जातीचा सरडा रंग बदलतो ते मुख्यतः दुसऱ्या शॅमेलियनशी बोलायला, रुबाब दाखवायला, नाहीतर ऊन कमीजास्त घ्यायला. ज्याने बेडकाचं कार्ड लिहिलं त्यानेच हे लिहिलं असेल असं मला अजिबात वाटत नाही, दोन माणसं असणार.

मार्कांवर येतो. खवल्या मांजर: वेग २, ताकद २, हुशारी ३, बचाव १०. काकापो: बचाव १. आमच्या घरात ह्यावरून जे रण पेटलं ते सांगतोच. काकापो म्हणजे न्यूझीलंडचा न उडणारा, रात्री फिरणारा, हिरवा गुबगुबीत पोपट. धोका दिसला की हा जागच्या जागी पुतळा होतो, शेवाळासारखा रंग असल्याने दिसेनासा होतो. कार्डावर हेच लिहिलंय आणि खाली बचाव १! भाचीच्या हातात ते कार्ड आलं, ती हरली, आणि म्हणाली मामा हे चीटिंग आहे, गायब होता येतं आणि एक मार्क? मी मोठ्या माणसाच्या थाटात समजवायला गेलो की अगं तो जवळजवळ संपलाच होता म्हणून एक, तर म्हणे मग खवल्या मांजरही संपत चाललंय असं तूच काल म्हणालास ना, त्याला दहा कसे. गप्प बसलो. काय बोलणार.

कारण ती बरोबर होती आणि ह्या डब्याचं दुखणं नेमकं तिथेच आहे. काकापोची पुतळा होण्याची युक्ती हजारो वर्षं पहिल्या नंबराची होती, कारण त्याचे शत्रू आकाशातून डोळ्यांनी शोधणारे पक्षी होते. मग माणूस आला, सोबत उंदीर, मांजरं, स्टोट (मुंगसासारखा दिसणारा छोटा शिकारी) आले, ह्यांतले बरेच वासावर शिकार करणारे, आणि काकापोच्या अंगाला तर गोडसर दरवळ असतो. पुतळा होऊन उभा राहिला की काम सोपंच. १९९५ साली ५१ उरले होते. मग त्यांना शिकारी नसलेल्या बेटांवर नेलं, मोठ्या झालेल्या जवळपास प्रत्येकाच्या पाठीवर ट्रान्समीटर बांधला, आता दोनशेच्या वर आहेत. खवल्या मांजराचंही तेच, केराटिनचे खवले, आपल्या नखाचंच मटेरियल, गुंडाळून चेंडू झालं की सिंहसुद्धा पंजाने इकडून तिकडे लोळवतो, चावून बघतो आणि कंटाळून निघून जातो. आणि माणूस? वाकतो, चेंडू उचलतो, पोत्यात टाकतो. खवल्या मांजर पळतही नाही, चावतही नाही, चावायला दातच नाहीत. जगात आठ जाती आहेत, आठही ह्याच कारणाने अडचणीत, २०१६ मध्ये आंतरराष्ट्रीय व्यापारावर पूर्ण बंदीचा निर्णय झाला तरी खवल्यांची चोरटी वाहतूक चालूच आहे. तर बचाव १० आणि बचाव १ ही एकच गोष्ट आहे, फक्त समोर कोण उभं आहे त्यावर आकडा बदलतो. चौथ्या रकान्यात ‘कुणापासून’ एवढा एक शब्द जरी टाकला असता तर डबा वेगळ्याच लेव्हलला गेला असता.

आणि म्हणून पुस्तिकेवर राग. कार्डं बनवली ती बनवली, पण संवर्धन वेगळं काढून १६ पानांत कोंबलं. झाडं लावा, पाणी वाचवा, प्लास्टिक टाळा, प्राणी आपले मित्र. कुठल्याही शाळेच्या फळ्यावर असतं हे. कार्डावरच्या प्राण्याचा आणि पुस्तिकेतल्या उपदेशाचा एकमेकांशी काही संबंधच नाही, हे कार्ड वाचून ती पुस्तिका कुणी कशाला उघडेल?

बघा ना किती सोपं होतं. कासवाच्या कार्डावर लिहिलंय की पिल्लं रात्री वाळूतून बाहेर येतात आणि जिकडे क्षितिज उजळ तिकडे धावतात, कारण रात्री समुद्र मागच्या झाडीपेक्षा उजळ दिसतो. बस्स, पूर्णविराम. त्याच वाक्याच्या पुढे एक वाक्य हवं होतं, की आता किनाऱ्यावरच्या हॉटेलांचे दिवे समुद्रापेक्षा उजळ असतात आणि पिल्लं उलटी रस्त्याकडे जातात. दिवे झाकायचे का तर ह्यासाठी, हे पोराला वेगळं सांगावंच लागणार नाही. अंड्यातून नर निघणार की मादी हे वाळूच्या उबेवर ठरतं हेसुद्धा कार्डावर आहे, पण वाळू तापत गेली तर काय, ते नाही. ग्रेट बॅरियर रीफच्या उत्तर भागातल्या ग्रीन टर्टलमध्ये २०१८ च्या अभ्यासात लहान वयाची ९९ टक्के कासवं माद्या निघाली.

गिधाडाचं तर वाचून हळहळलो. ‘पोटातलं आम्ल इतकं जहाल की सडकं, रोगट मांसही पचतं, हुशारी ५, बचाव ९.’ ज्या पक्ष्याला सडकं मढं पचतं त्याला गुरांना द्यायचे ते डायक्लोफिनॅक नावाचं वेदनाशामक औषध पचलं नाही, मेलेल्या गुरांच्या मांसातून ते पोटात गेलं आणि मूत्रपिंडं निकामी होऊन गिधाडं पटापट मेली, पांढऱ्या पाठीची गिधाडं तर भारतात पंधराएक वर्षांत ९९ टक्क्यांहून जास्त घटली. २००६ मध्ये गुरांसाठी त्या औषधावर बंदी आली. ह्याबद्दल ना कार्डावर अक्षर ना पुस्तिकेत. हत्तीचंही तसंच, ‘सुळे म्हणजे हत्यार’ एवढ्यावर आटपलंय, मोझांबिकच्या गोरोंगोसा राष्ट्रीय उद्यानात १९७७ ते १९९२ च्या यादवीत हस्तिदंतासाठी नव्वद टक्क्यांवर हत्ती मारले गेले आणि नंतर जन्मतःच सुळे नसलेल्या हत्तिणींचं प्रमाण साधारण १८ वरून ५० टक्क्यांच्या आसपास गेलं, हे छापलं असतं तर पोरांना अनुकूलन हा शब्द पाठ करावा लागला नसता. आणि आपल्या लाडक्या गॉडविटला परतीच्या वाटेवर जो चीन-कोरियामधल्या पिवळ्या समुद्राचा चिखलकिनारा लागतो, जिथे तो पुन्हा चरबी चढवतो, तो भराव टाकून किती गेला तेही नाही. तिथल्या काही किनाऱ्याला २०१९ मध्ये जागतिक वारशाचा दर्जा मिळालाय, म्हणजे आनंदाची बातमीसुद्धा द्यायची राहिली!

आनंदाच्या बातम्यांवरून आठवलं, कार्डाच्या कोपऱ्यात लाल यादीतला (कुठला प्राणी किती धोक्यात आहे ते सांगणारी जागतिक यादी) दर्जा दिलाय तो जुना आहे. पांडाला ‘संकटग्रस्त’ लिहिलंय, तो २०१६ मध्येच एक पायरी सुधारून ‘असुरक्षित’ झाला. सायगाचं तर विचारूच नका. ते लोंबत्या नाकाचं गवताळ प्रदेशातलं जनावर, नाकाने धूळ गाळतं आणि थंडीत हवा गरम करून आत घेतं, २०१५ मध्ये कझाकस्तानात दोन लाखांवर सायगा काही आठवड्यांत मेले, एरवी त्यांच्याच अंगात गुपचूप राहणारा जिवाणू अचानक उलटला. पण शिकार रोखली आणि मादी बहुतेकदा जुळी देते त्यामुळे कळप असे वाढले की २०२३ मध्ये त्यांना ‘अतिसंकटग्रस्त’मधून थेट ‘संकटसमीप’मध्ये आणलं. कार्ड अजून अतिसंकटग्रस्तच म्हणतंय. मी कंपनीला ईमेल केला, ‘आपल्या अभिप्रायाबद्दल धन्यवाद’ आलं, बास.

बाकी क्वालिटी ठीक. कागद जाड, कोपरे गोल, पाणी सांडलं तर पुसता येतं. गडद पाठीवर करड्या रंगाची अक्षरं मात्र कुणाच्या डोक्यातून आली माहीत नाही, संध्याकाळी दिव्याखाली वाचवत नाहीत, माझ्या डोळ्यांना तर नाहीच. वय ‘६ वर्षांपासून पुढे’ लिहिलंय, मी म्हणेन ८. एक स्टार चुकांचा कापला, अर्धा पुस्तिकेचा.

आम्ही आता आमच्या नियमाने खेळतो. बचाव बोलला की समोरच्याने आधी शत्रू सांगायचा, सिंह, स्टोट, दिवा, पोतं, काहीही, आणि मग दोघांनी मिळून आकडा ठरवायचा. एक डाव दीड तास चालतो आणि निम्मा वेळ भांडणात जातो. भाचीने नवे आकडे कार्डांवर लिहायला घेतले तर त्या गुळगुळीत कागदावर पेन टिकेना, मग तिने प्रत्येक कार्डाला कागदाच्या पट्ट्या चिकटवल्या, काहींना तीन-तीन. डब्याचं झाकण आता बसत नाही, रबरबँड लावून ठेवलाय.