दुसरं मूल: पाठोपाठ की चार-पाच वर्षांनी?

पहिलं मूल वर्षाचं व्हायला आलं की लोक विचारायला लागतातच, पण त्याआधी आपणच रात्री पडल्या पडल्या हिशेब मांडायला लागलेलो असतो. दुसरं हवं हे ठरलेलं असतं, अडतं ते फक्त 'कधी' यावर. लगेच, म्हणजे दोघांत दीड-दोन वर्षांचं अंतर? की पहिलं शाळेला लागल्यावर, निवांत? मी दोन्ही करून बसले आहे. थोरली आणि मधला यांच्यात २० महिने. मधला पाच वर्षांचा झाला तेव्हा धाकटी आली. त्यामुळे कोणी हा प्रश्न काढला की मला एका बाजूने बोलताही येत नाही आणि गप्पही बसवत नाही.

माझा कौल आधीच सांगून टाकते: लगेच नको. पण लगेच झालेल्या दोघांनी घरात जी धमाल आणली, ती मोठ्या अंतराने आणली नाही. तेही लपवणार नाही.

आधी आईच्या अंगाचं बघा

ही चर्चा नेहमी 'एकमेकांना सोबत होईल' इथून सुरू होते. खरं तर ती बाळंतिणीपासून सुरू व्हायला हवी. जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे की बाळंतपणानंतर पुन्हा दिवस राहण्याआधी निदान २४ महिने जाऊ द्यावेत. हे अंतर दोन बाळंतपणांमधलं नाही, बाळंतपण ते पुढची गर्भधारणा असं आहे. त्यात पोटातले नऊ महिने मिळवले की मुलांच्या वयांत जवळपास पावणेतीन वर्षं येतात. ही शिफारस उगीच नाही. गरोदरपणात आणि अंगावर पाजताना शरीरातलं लोह आणि फोलेट खर्ची पडतं, ते भरून यायला वेळ लागतो. फार कमी अंतर असेल तर बाळ दिवस भरायच्या आधी होण्याचं किंवा कमी वजनाचं होण्याचं प्रमाण जास्त दिसतं. पहिलं सिझेरियन असेल आणि दुसरं नैसर्गिक व्हावं अशी इच्छा असेल, तर दोन बाळंतपणांत १८-१९ महिन्यांहून कमी अंतर असणं जोखमीचं, कारण गर्भाशयावरचा जुना व्रण कळांच्या ताणाने उकलण्याची शक्यता वाढते.

मग पाच वर्षं थांबलं की सगळं आलबेल का? तसंही नाही. पाच वर्षांच्या पुढे अंतर गेलं की गरोदरपणातल्या रक्तदाबाच्या विकाराचा धोका पुन्हा थोडा वाढतो. शिवाय आपलं वय काही थांबत नाही. पस्तिशीनंतर दिवस राहणंच अवघड होत जातं. तुम्ही आत्ताच ३७ च्या असाल तर माझा 'थांबा' हा सल्ला तुमच्या कामाचा नाही.

आता एक कबुली. आमचा मधला ठरवून झालेला नाही. 'अंगावर पाजतेय, पाळी आलेली नाही, मग दिवस कसे जातील' या समजुतीचा तो प्रसाद आहे. समजूत अर्धीच खरी आहे. बाळ सहा महिन्यांच्या आतलं असेल, त्याला रात्रंदिवस फक्त अंगावरचंच दूध असेल आणि पाळी सुरू झालेली नसेल, या तिन्ही अटी एकाच वेळी पाळल्या जात असतील तर गर्भ राहण्याची शक्यता २ टक्क्यांहून कमी असते. थोरली ११ महिन्यांची होती, तिचं खाणं सुरू होऊन पाच महिने झाले होते. तीनपैकी दोन अटी केव्हाच मोडल्या होत्या. पाळी येण्याच्या आधी बीज सुटतं, हे मला तेव्हा सुचलंच नाही. तेव्हा पाठोपाठ हवं असो वा नको, ते तुम्ही ठरवा, तुमच्या गैरसमजाला ठरवू देऊ नका.

रात्री

नवजात बाळ दिवसाचे १४ ते १७ तास झोपतं, वर्ष-दोन वर्षांचं मूल ११ ते १४ तास. कागदावर हे आकडे फारच आशादायक वाटतात! पण तान्ह्याचे ते तास दोन-दोन, तीन-तीन तासांच्या तुकड्यांत येतात आणि मोठीची दुपारची झोप नेमकी त्याच्या जागं होण्याच्या वेळी लागते. रात्री एकाला पाजून झोपवावं तर त्याच्या रडण्याने दुसरी उठलेली. वीस महिन्यांच्या अंतरात पहिलं वर्ष असं गेलं की मला वार कळत नव्हता. कधी तरी दुपारी दोघं एकदम झोपायची, चाळीसेक मिनिटं. तेवढ्यात मी काय करायचे? जमिनीवर, पंख्याखाली, नुसती पडून राहायचे. काही उरकायला घेतलं की हमखास कोणीतरी उठायचं, असा माझा पक्का अनुभव होता.

मोठ्या अंतरात रात्र एकाचीच असते. बाकीची दोघं सकाळपर्यंत गाढ. हा फायदा इतका मोठा आहे की बाकी काही नसतं तरी याच्या जोरावर मी मोठ्या अंतराला मत दिलं असतं. एक मात्र खरं, मधली तीन-चार वर्षं सलग झोपायची चटक लागलेली असते आणि वयही पुढे गेलेलं असतं. धाकटीच्या वेळी पहिले दोन आठवडे मला मारून टाकल्यासारखं झालं. पाठोपाठच्या वेळी झोपमोडीची सवय तरी तुटलेली नव्हती.

मोठ्या मुलाला काय वाटतं

माझ्या मते खरा फरक इथे आहे.

दीड-पावणेदोन वर्षांच्या मुलाला भाऊ येणार म्हणजे काय, हे कळत नाही. आई खोलीतून गेली तरी जीव कासावीस होण्याचं हे वय. आईपासून दूर होण्याची ही भीती आठव्या-नवव्या महिन्यात सुरू होते आणि वर्ष-दीड वर्षाच्या सुमाराला ऐन भरात असते. त्यात आई बाळंतपणाला नाहीशी होते आणि परत येते ती मांडीवर कुणाला तरी घेऊन. थोरलीने आरडाओरडा केला नाही. मी मधल्याला पाजायला बसले की ती माझ्या मोकळ्या गुडघ्यावर चढायची, आणि जागा पुरत नाही म्हटल्यावर पाठीला चिकटून उभी राहायची. पूर्ण वेळ. तिचा तो मानेवर पडणारा गरम श्वास मला अजून आठवतो.

मधला महिन्याचा असताना मी दोन मिनिटं बाथरूमला गेले. बाहेर येऊन बघते तर थोरलीचं ते मऊ पांघरूण, जे ती दिवसरात्र हातातून सोडायची नाही, त्याच्या तोंडावर नीट पसरलेलं. नीट म्हणजे कोपरे ओढून. तो रडत होता म्हणून तिने आपल्याकडची सगळ्यात मोलाची वस्तू त्याला दिली होती. मी ते खसकन ओढलं आणि ओरडले. मग तीही रडायला लागली. तान्ह्याला उताणं झोपवायचं, जवळ सैल पांघरूण, उशी, मऊ खेळणी काही ठेवायची नाहीत, हे मला पाठ होतं. २१ महिन्यांच्या मुलीला ते समजावायचं कसं? सांगून उपयोग नाही, डोळ्यांआड करायचं नाही, एवढंच हातात उरतं. पाठोपाठच्या मुलांत खरी दमणूक या सततच्या पहाऱ्याची असते. अंगमेहनत परवडली.

पाच वर्षांच्या मुलाला सांगता येतं. 'बाळाच्या तोंडावर काही टाकायचं नाही' म्हटलं की तो स्वतःच चौकीदार होतो, पाहुण्यांनाही दम देतो. पण त्याला कळतं म्हणजे सगळंच कळतं. धाकटी दीड महिन्याची असताना एका संध्याकाळी मधला म्हणाला, "आई, आज तू मला नऊ वेळा 'थांब' म्हणालीस." रागावलेला नव्हता. नुकतं मोजायला शिकला होता, त्याने मोजलं. मी थोरलीला किती वेळा 'थांब' म्हटलं असेन, देव जाणे. तिला मोजता येत नव्हतं, एवढाच फरक.

मागे जाणं दोन्हीकडे होतं. शी-शूचं शिकलेलं मूल पुन्हा कपडे ओले करतं, बोबडं बोलतं, भरवून मागतं. त्यामुळे बाळ येण्याच्या तोंडावर डायपर सोडवायचा घाट घालू नका. आम्ही घातला होता.

सोबत होते का?

होते, पण लोक म्हणतात तेव्हा नाही. लहान मुलं बराच काळ एकमेकांबरोबर खेळत नाहीत, एकमेकांशेजारी खेळतात. धाकटं दोन-अडीच वर्षांचं होईपर्यंत 'खेळ' म्हणजे एकाने रचायचं आणि दुसऱ्याने पाडायचं. त्यानंतर मात्र जे सुरू झालं त्याला तोड नाही. थोरली चार-सव्वाचारची, मधला अडीचचा. पडद्यामागे दोघं तासन् तास. त्यांचे स्वतःचे शब्द होते, त्यातला एकही आम्हाला कधी कळला नाही. पहिलं दीड वर्ष जे भोगलं त्याची परतफेड तेव्हा व्याजासकट झाली, हे मान्य करते.

धाकटीला असा सवंगडी मिळाला नाही. तिला मिळाले दोन प्रेक्षक. ती पालथी पडली तेव्हा टाळ्या, पहिला दात दिसला तेव्हा घरभर दवंडी. मोठ्या अंतरातलं भावंड म्हणजे अर्धा पालक, पण तो तसा झाला पाहिजे अशी अपेक्षा धरू नका. सहा-सात वर्षांच्या मुलीला बाळ सांभाळायचं काम लावणं मला बरोबर वाटत नाही.

मोठ्या अंतराचा एक धोका मात्र कोणी सांगत नाही. मोठ्यांची खेळणी. 'तीन वर्षांखालील मुलांसाठी नाही' असं खोक्यावर लिहिलेल्या सगळ्या बारीक वस्तू घरात आधीच आलेल्या असतात. धाकटी सरपटायला लागली त्या आठवड्यात मधल्याच्या मोडक्या गाडीतला बटण सेल तिच्या मुठीत सापडला. असा सेल गिळला आणि अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांतही आतून गंभीर भाजू शकतं. गिळल्याची नुसती शंका आली तरी वाट न बघता थेट रुग्णालय गाठायचं. त्या दिवशी आम्ही घरातला प्रत्येक रिमोट, प्रत्येक गाणं म्हणणारं खेळणं उलटं करून त्याचं झाकण स्क्रूने घट्ट आहे का ते बघितलं.

उरकून टाकू

पैसे, कपडे, नोकरी यांचं गणित तुम्ही केलंच असेल, त्यावर वेळ घालवत नाही. पाठोपाठ असलं की कपाट एकदाच भरायचं पण डायपर दुप्पट, नोकरीतली गैरहजेरी लांब पण एकच. अंतर मोठं असलं की वाटून टाकलेला पाळणा पुन्हा शोधायचा आणि जम बसलेल्या कामातून पुन्हा उठायचं. माझ्या मते दोन्ही पारडी जवळपास सारखी.

मला खुपतं ते 'एकदाच काय ते उरकून टाकू' हे वाक्य. मीही ते म्हटलंय, स्वतःची समजूत घालायला. आणि उरकलं खरंच. मधला पहिलं पाऊल टाकतोय असा फोटो आहे, मागे मीच बसलेली दिसते. मला तो क्षण आठवत नाही. त्याचं पहिलं हसू, पहिला शब्द, काही नाही. धाकटीच्या वेळी मी जमिनीवर तिच्यासमोर पालथी पडून तासभर ती उपडी होण्याची वाट बघितलेली आहे. ते मला अजून दिसतं. अंतर कमी ठेवलं तर दुसऱ्याचं तान्हेपण तुमच्या हाताखालून जातं, डोळ्यांखालून जाईलच असं नाही.

म्हणून कोणी अगदीच खनपटीला बसलं तर मी पावणेतीन-तीन वर्षं सांगते. मोठ्याला तोवर 'थांब' कळतं, डायपर बहुधा सुटलेला असतो आणि खेळायला फार उशीरही झालेला नसतो. पहिल्या बाळंतपणानंतर जी उदासी येते ती साधारण दोन आठवड्यांत ओसरते. तुमची तेव्हा ओसरली नसेल, तर अंतराचं काहीही ठरवण्याआधी डॉक्टरांशी त्यावर बोला. ते सगळ्यांत आधी.

आणि पाठोपाठच हवं असेल तर एक करा. एक आठवडा उशाशी कागद ठेवा. रात्री मूल उठलं की कोण उठलं त्याचं नाव लिहायचं, बस. सातव्या दिवशी दोघांनी मिळून तो वाचा. मधल्याच्या आधी आम्ही असा कागद ठेवला असता, तर त्यावर वरपासून खालपर्यंत एकच नाव असतं.