क्रोमिक ॲसिड बंद केल्यानंतर: लॅबच्या लिक्विड डिटर्जंटचा अनुभव

वाघोलीकडच्या कॉलेजात केमिस्ट्री लॅब सांभाळते. पाणी बोअरचं, उन्हाळ्यात टँकरचं, त्यामुळे काचेवर पांढरा थर ठरलेलाच. पूर्वी चिवट डागाला क्रोमिक ॲसिड हे एकच औषध होतं. त्यातलं हेक्झाव्हॅलंट क्रोमियम कॅन्सरकारक, शिवाय ते बेसिनमध्ये ओतायची सोय नाही. ते बंद झालं आणि फॉस्फेट नसलेल्या लिक्विड डिटर्जंटचा पाच लिटरचा कॅन आला. आता बरेच महिने तोच वापरतोय.

तेलकट डागांना उत्तम. ऑरगॅनिकच्या प्रॅक्टिकलनंतरचे चिकट आर.बी. (गोल बुडाचे) फ्लास्क कोमट पाण्यातल्या दोन टक्के द्रावणात रात्रभर ठेवले की सकाळी नुसता मऊ ब्रश फिरवायचा. मग नळाचं पाणी आणि शेवटी तीनदा डिस्टिल्ड. पाणी काचेवरून एकसंध पसरत उतरलं तर स्वच्छ. थेंब थेंब अडकले तर ग्रीस अजून आहे.

पण पोटॅशियम परमँगनेटच्या डागापुढे हे डिटर्जंट सपशेल हरतं, आणि आमच्याकडे तोच डाग जास्त. पोरं टायट्रेशन (थेंब थेंब द्रावण सोडून मोजणी) झालं की ब्युरेट, म्हणजे त्याची खुणांची उभी नळी, तशीच सोडून जातात. दुसऱ्या दिवशी स्टॉपकॉकपाशी (खालच्या तोटीपाशी) मँगनीज डायऑक्साइडचं तपकिरी कडं. त्यावर पाच टक्के ऑक्झॅलिक ॲसिड, चार थेंब सौम्य सल्फ्युरिक, आणि थोडी ऊब. कड्याभोवती बारीक बुडबुडे सुटतात, तो कार्बन डायऑक्साइड; तपकिरी रंग कडेकडेने फिका होत बघता बघता जातो. बरेच जण इथे काँसन्ट्रेटेड एचसीएल (हायड्रोक्लोरिक ॲसिड) ओततात. डाग जातो, पण क्लोरीन सुटतो. बंद खोलीत तर हा उद्योग नकोच. ऑक्झॅलिकही विषारी आहे, हातमोजे हवेतच. आणि नंतर भरपूर धुवा. ब्युरेटमध्ये ते उरलं तर पुढच्या वेळचं परमँगनेट तेच खाऊन टाकतं आणि रीडिंग चुकतं.

पांढऱ्या थराला कोमट सायट्रिक ॲसिड पुरतं. सिल्व्हर क्लोराइड चिकटलं असेल तर अमोनिया. वापरलेला अमोनिया लगेच धुवून टाकायचा, साठवायचा नाही.

आमच्या लॅबमधल्या शिपाई मामांचा अजूनही राखेवर भरवसा. "मॅडम, एवढ्याला राख नाही का चालत?" नाही चालत, मामा. राखेत, भांड्यांच्या पावडरीत वाळूचे कण असतात आणि वाळू काचेपेक्षा कठीण. डोळ्याला न दिसणारा ओरखडासुद्धा बर्नरवर तडा द्यायला पुरे. तारेची घासणी तर लॅबमध्ये नकोच. ब्रशच्या टोकाची तार उघडी पडली की तो ब्रशही फेकून द्या. बीकरच्या तळाला गोल गोल ओरखडे त्यानेच येतात. अल्कोहोलिक पोटॅशही (अल्कोहोलमधलं पोटॅशियम हायड्रॉक्साइड) तसंच: जळका डाग काढतं, पण काचही खातं. ब्युरेट, पिपेट, व्हॉल्युमेट्रिक फ्लास्कला मी ते लावू देत नाही.

तक्रार एकच: फेस फार. कॅनवर लिहिलेल्या प्रमाणाच्या निम्म्यातही आमचं काम भागतं, आणि मोठ्या कॅनमधून ओतताना सांडतंच. पुढच्या वेळी एक-एक लिटरच्या बाटल्या मागवणार आहे.