टाचदुखीसाठी घेतलेली मऊ रबराची एमसीआर चप्पल, ११ महिने रोज घालून

आधी मी काय काम करतो ते सांगतो, म्हणजे ही चप्पल कुठं आणि किती घासली गेली ते कळेल. मी कटिंग मास्टर आहे, सोलापुरात अक्कलकोट रोडला शाळेच्या युनिफॉर्मचा कारखाना आहे तिथं २२ वर्षं झाली, वय ४७. कटिंगचं काम सगळं उभ्यानं, टेबलावर थान पसरायचं, लेअर लावायचे, मार्कर म्हणजे मापं आखलेला कागद वर ठेवायचा आणि मशीन धरून टेबलाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जायचं, दिवसाला दहा तास, आणि मार्च ते जून शाळांचा सीझन लागला की बारा-तेरा पण होतात. त्यात कटिंग रूममध्ये चप्पल घालून जायचं नाही, पांढऱ्या शर्टिंगचं कापड खाली लोळतं, डाग पडला की पीस गेला, त्यामुळं सगळे दारात चपला काढून आत. खाली शहाबादी फरशी.

गेल्या वर्षी एप्रिलमध्ये सुरू झालं. सकाळी पलंगावरनं उजवा पाय खाली टेकवला की टाचेत बाभळीचा काटा आत मोडल्यागत व्हायचं, भिंतीला धरून मोरीपर्यंत जायचो, वीस-पंचवीस पावलं टाकली की जरा सैल पडायचं आणि वाटायचं गेलं. मग दुपारी डबा खाऊन अर्धा तास बसून उठलं की परत तेच. पहिल्या पावलाला दुखणं, चालल्यावर कमी होणं, बसून उठलं की परत येणं, हे ज्याला होतंय त्यानं ओळखून घ्यावं, ही प्लांटर फॅसायटिसची, म्हणजे तळव्यातल्या जाड पट्ट्याच्या दुखण्याची, मोठी खूण आहे. मी दोन महिने थकवा समजून अंगावर काढलं, सीझन सोडून दवाखान्यात कोण जाणार, ते चुकलंच.

आईनं तिच्या पद्धतीनं केलं. वीट चुलीवर तापवायची, त्यावर रुईची पानं ठेवायची आणि वरनं टाच दाबायची. खरं सांगतो, बरं वाटायचं, तास-दीड तास पाय हलका व्हायचा, आणि आई ७२ वर्षांची, रोज रात्री माझ्यासाठी वीट तापवत बसायची हे मी विसरणार नाही. पण सकाळी पाय टेकवला की काटा जागेवर. आणि एक गोष्ट कळकळीनं सांगतो, ज्यांना शुगर आहे आणि पायाला संवेदना कमी आहे त्यांनी विटेचा शेक अजिबात घेऊ नये, भाजलेलं कळत नाही आणि जखम भरत नाही.

मग एक्सरे काढला, त्यात टाचेच्या हाडाला चोचीसारखं टोक दिसलं. एका ठिकाणी मला सांगितलं की हाड वाढलंय, ऑपरेशन करून कापावं लागेल. आठ दिवस झोप नाही, दोन महिने घरी बसलो तर घर कसं चालणार हाच विचार. नंतर कळलं की असं टोक कितीतरी लोकांच्या एक्सरेत निघतं आणि त्यांना काही दुखत नाही, दुखणं बहुतेक त्या टोकाचं नसतंच. हे मला पहिल्याच दिवशी कुणी सांगायला पाहिजे होतं.

दुसऱ्या डॉक्टरांनी सिलिकॉनचे हील कप दिले, जेलीसारखे वाटीच्या आकाराचे, मेडिकलमध्ये मिळतात. वस्तू वाईट नाही, पण ती बुटात बसते, आणि मी बूट घालतो फक्त लग्नाला. चपलेत ठेवला तर सरकतो, अनवाणी पायाला तर कसा लावणार. माझ्या मते आपल्याकडच्या टाचदुखीची सगळी गोची इथंच आहे, जे उपाय सांगतात ते दिवसभर बूट घालणाऱ्यासाठी असतात आणि आपण चप्पल घालतो ती गाडीवरनं जाता-येता तेवढी. कामावर दारात काढली, घरी उंबऱ्याबाहेर काढली, जेवढा वेळ पाय खरा उभा असतो तेवढा वेळ तो नुसत्या फरशीवर. बायकांचं तर विचारूच नका, ओट्यापुढं चार-चार तास उभं.

जुलैमध्ये टाचेत स्टेरॉइडचं इंजेक्शन घेतलं. टोचताना डोळ्यातनं पाणी आलं पण दोन महिने छान गेले आणि मला वाटलं सुटलो, परत तसंच उभं राहायला लागलो, सप्टेंबरमध्ये दुखणं जसंच्या तसं परत. इंजेक्शन सारखं सारखं घेता येत नाही, टाचेखालची चरबीची गादी पातळ होऊ शकते आणि तळव्यातला तो पट्टा तुटायचा धोका असतो, म्हणून डॉक्टरच पुढचं नको म्हणाले, आणि फिजिओथेरपीला पाठवलं.

फिजिओ मॅडमनी पहिला प्रश्न विचारला, "काका, घरात पायात काय असतं?" मी म्हणलं काहीच नाही. मग विचारलं कामावर काय असतं, म्हणलं तिथंपण काहीच नाही. त्यांनी मला तळव्याचा प्लास्टिकचा सांगाडा दाखवून समजावलं, टाचेच्या हाडापासून बोटांपर्यंत एक जाड पट्टा असतो, तळव्याची कमान त्यानं ताणून धरलेली असते. रात्री झोपेत पंजा खाली वळलेला राहतो त्यामुळं पट्टा आखडतो, आणि सकाळी सगळं वजन एकदम टाकलं की टाचेपाशी जिथं तो हाडाला चिकटलाय तिथं ताण बसतो. त्याला सूज म्हणतात पण जुन्या दुखण्यात सुजेपेक्षा झीज जास्त असते, त्यामुळं नुसत्या गोळ्यांनी भागत नाही, पट्ट्यावरचा मार कमी करायचा आणि त्याला हळूहळू ताकद द्यायची. बहुतेक लोक सहा महिने ते वर्षभरात ऑपरेशन न करता बरे होतात हेपण त्यांनीच सांगितलं, आणि त्या एका वाक्यानं मला जेवढा धीर आला तेवढा कशानंच आला नव्हता.

त्यांनी कागदावर लिहून दिलं, एमसीआर चप्पल, दोन जोड, पलंगापाशी एक आणि कामावर एक.

एमसीआर म्हणजे मायक्रो सेल्युलर रबर, आत बारीक बारीक हवेचे बुडबुडे असलेलं मऊ रबर. अंगठ्यानं दाबलं की दबतं आणि सोडलं की परत वर येतं. साध्या स्पंजच्या स्लीपरीपण सुरुवातीला मऊ लागतात पण महिन्या-दीड महिन्यात टाचेखाली खड्डा पडतो आणि मग फरशीच लागते. मी नवी पेठेतल्या एका लहान दुकानातनं घेतली, ६५० ची एक अशा दोन. वरचा थर एमसीआरचा, खालचा तळ कडक रबराचा, आणि माझी कमान थोडी बसकी आहे म्हणून दुकानदार काकांनी आतल्या बाजूला कमानीखाली एक पट्टी वेगळी चिकटवून दिली, त्याचे पैसे घेतले नाहीत. मागनं पट्टा असलेलीच घ्या, नुसत्या अंगठ्याच्या चपलेला पकडून ठेवायला बोटं आवळावी लागतात आणि पोटरी दुखते.

काका सांगत होते की अशी मऊ रबराची चप्पल आधी कुष्ठरोगाच्या पेशंटसाठी आली, तळव्याची संवेदना गेलेली असते त्यामुळं साध्या चपलेत जखमा होतात, वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमध्ये डॉ. पॉल ब्रँड यांनी त्या पायांवर खूप काम केलं त्यातनं हे पुढं आलं, नंतर शुगरवाल्यांना देऊ लागले. काही गिऱ्हाईकं हे ऐकून चप्पल खाली ठेवतात म्हणे. मला ऐकून उलट त्या चपलेविषयी आदर वाटला, ज्यांच्याजवळ लोक उभं राहत नव्हते त्यांच्या पायाचा विचार करून कुणीतरी बनवलेली वस्तू आज माझ्या पायात आहे.

आता खरी अडचण घरात. आईला घरात चप्पल चालेना. स्वयंपाकघरात चप्पल, देवघरासमोर चप्पल, तिला ते बघवेना, आणि तिचं चूक आहे असं मी म्हणणार नाही, आपल्या घरात असंच वाढलोय. मी तिला नवी जोडी दाखवली, म्हणलं आई ही बाहेर एकदाबी गेलेली नाही, रस्त्याची माती हिला लागलेली नाही. तिनं तळ उलटा करून बघितला, दोन दिवस काही बोलली नाही, मग तिसऱ्या दिवशी सकाळी मी उठायच्या आधी चप्पल तिनंच पुसून पलंगाखाली नीट लावून ठेवलेली. देवघरात मी काढूनच जातो.

कारखान्यात मालकांना विचारलं तर ते आधी नाहीच म्हणाले, एकाला परवानगी दिली की सगळे घालतील. मी म्हणलं शेठ, ही जोडी रूमच्या बाहेर जाणार नाही, दारातच पेटीत राहील, आणि रोज पुसणार. आठवडाभर बघतो म्हणाले. आता कटिंग रूममध्ये पाच जणांच्या पायात आहे आणि आजपर्यंत चपलेमुळं एक पीस खराब झालेला नाही. ज्यांच्या कामावर चपला बंद आहेत त्यांनी हे विचारून बघा, आतली वेगळी जोडी म्हणलं की बरेच मालक ऐकतील असं मला वाटतं.

फरक कधी पडला? पहिल्या आठवड्यात काही नाही, उलटं पोटऱ्या भरून आल्या. साधारण तिसऱ्या आठवड्यात संध्याकाळचं दुखणं कमी झालं, सकाळचं मात्र तसंच. सकाळचा काटा जायला चार महिने लागले आणि तो नुसत्या चपलेनं गेला नाही हे प्रामाणिकपणे सांगायला पाहिजे. सोबत व्यायाम होता, आणि त्याला सामान लागलं फक्त आपला सोलापुरी टॉवेल. उठायच्या आधी पलंगावरच दुखरा पाय दुसऱ्या गुडघ्यावर घ्यायचा, हातानं बोटं नडगीकडं ओढायची, दहा आकडे धरायचं, असं दहादा, मगच पाय खाली आणि तोपण चपलेत. दिवसात तीनदा हे करायचं. मग टॉवेल पंजाला अडकवून गुडघा सरळ ठेवून ओढायचा, पोटरी ताणली जाते. आणि महिन्याभरानं मॅडमनी जिन्याच्या पायरीवरचं दिलं, नॅपकिनची गुंडाळी करून बोटांखाली ठेवायची, टाच पायरीच्या बाहेर, तीन आकड्यात टाच वर, दोन आकडे थांबायचं, तीन आकड्यात खाली, एक दिवसाआड. सुरुवातीला दुखतं, थोडं दुखलं तर चालतं पण दुसऱ्या दिवशी वाढलं तर कमी करायचं. त्यासाठी जाड टेरीचा नॅपकिनच घ्या, पातळ पंचाची गुंडाळी लगेच चपटी होते. संध्याकाळी फ्रीजरमधली पाण्याची बाटली तळव्याखाली दहा मिनिटं फिरवायची, आधी पातळ फडकं गुंडाळून.

जानेवारीत सिद्धेश्वराच्या यात्रेत माझी परीक्षा झाली. आमच्या घरातनं दरवर्षी यण्णीमज्जनाला, म्हणजे लिंगांना तेलाचा अभिषेक घालतात त्या दिवशी, ६८ लिंगांच्या फेरीत कुणीतरी असतंच, बाराबंदी हा पांढरा पोशाख घालून, नंदीध्वजाच्या म्हणजे मिरवणुकीतल्या उंच मानाच्या काठीच्या मागं, आणि मी ते अनवाणीच केलंय. यंदा मॅडमनी स्पष्ट नाही म्हणलं होतं. मनाला लागलं, पण मी अर्ध्या वाटेपर्यंत चप्पल घालून कडेकडेनं गेलो आणि मग थांबलो, पुढं माझा मुलगा गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी उठताना भीती होती, पाय टेकवला, थोडं टोचलं, पण भिंत धरावी लागली नाही.

आणि यंदाचा सीझन मी पूर्ण उभा काढला, एक रजा न घेता.

आता चपलेचे दोष. एक, ओल्या फरशीवर घसरते, मोरीत किंवा पुसलेल्या जागी अजिबात घालू नका, म्हाताऱ्या माणसांना तर मुद्दाम सांगा. दोन, उन्हाळ्यात घाम येतो, आपलं सोलापूरचं एप्रिल-मे तुम्हाला माहीतच आहे, पट्ट्याखाली पायाला चट्टा उठला होता, आत सुती कापड शिवून घेतल्यावर थांबलं. तीन, रबर बसतं. घरची जोडी अजून चांगली आहे पण कामावरची सात महिन्यात टाचेखाली दाबली गेली, अंगठ्यानं दाबलं तरी वर येईना, आणि गंमत म्हणजे ते डोळ्याला कळत नाही, दुखणं थोडं परत डोकावायला लागलं तेव्हा मी दाबून बघितलं. काकांनी २५० मध्ये वरचा थर बदलून दिला, नवी घ्यायची गरज पडली नाही. चार, दिसायला साधी, रंग काळा किंवा चॉकलेटी, बायकोनं तिच्यासाठी बघितली तर बायकांच्या मापात त्या दुकानात एकच नमुना होता. तरी तिनं घेतली आणि ओट्यापुढं घालते.

पाचपैकी चार देतो, एक त्या घसरण्यासाठी कापला.

ज्यांच्या टाचेला मुंग्या येतात, बधिर वाटतं, रात्री पडल्या पडल्यापण ठणकतं, किंवा सूज आणि ताप आहे, त्यांनी चप्पल नंतर घ्या, आधी डॉक्टरला दाखवा, ते दुखणं वेगळं असू शकतं.

दुकानात संध्याकाळी जाऊ नका, गर्दीत काकांना वेळ नसतो, सकाळी अकराच्या सुमारास बरं. आणि जाताना रोजच्या वापरातली जुनी चप्पल सोबत न्या, ते आधी तिचा तळ उलटा करून कुठल्या बाजूनं झिजलाय ते बघतात आणि मगच माप घेतात.