सही केली होती, तरी माझा हिस्सा गेला नाही

बाबांच्या तेरवीला भावानं स्टॅम्पपेपर पुढे केला. "घर नावावर करायला सही लागते," एवढंच म्हणाला. मी आणि धाकट्या बहिणीनं न वाचता सह्या केल्या. दोन वर्षांनी नागपुरातल्या मानेवाड्याचं आमचं घर पाहायला गिऱ्हाईकं येऊ लागली, तेव्हा कळलं, ते हक्कसोडपत्र होतं, म्हणजे घरातला आपला वाटा सोडल्याचा कागद.

आधी ज्या वकिलांकडे गेलो ते म्हणाले, "सही केली ना, मग संपलं." तरी केस टाकायचीच असेल तर कोर्ट फीचे पैसे आणा, असंही वर सांगितलं.

सिव्हिल लाइन्समधल्या या वकील मॅडमनी आधी तो कागद मागितला. पुढून वाचला, पालथा केला, खिडकीशी नेऊन पुन्हा पाहिला. मागं रजिस्ट्री ऑफिसचा शिक्काच नव्हता. "नोटरी आहे, रजिस्ट्री कुठाय? भाऊ काय म्हणून राहिला ते सोडा, ताई. शंभर रुपयांवरच्या स्थावर मालमत्तेतला हक्क नुसत्या नोटरीनं सुटत नाही." मला तिथंच रडू आलं.

मुलींचा हक्क २००५ च्या दुरुस्तीनं आला, असं मी धरून चालले होते. त्यांनी समजावलं, ती दुरुस्ती एकत्र कुटुंबाच्या वडिलोपार्जित मालमत्तेची. बाबांनी घर आयुध निर्माणीतल्या पगारातून बांधलं, मृत्युपत्र केलं नाही. म्हणून १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यानंच आई, भाऊ आणि आम्ही दोघी, प्रत्येकी चौथा हिस्सा. आखीव पत्रिकेवर (प्रॉपर्टी कार्डावर) एकट्या भावाचं नाव चढलं म्हणून तो एकटा मालक होत नाही. आणि मालमत्तेच्या वादात महाराष्ट्रात बाईला कोर्ट फी माफ आहे, हे त्यांनी आपणहून सांगितलं.

दिवसा फोन उचलत नाहीत. संध्याकाळी दीड-दोन तास बसावं लागतं. ऑफिस दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. पण ७८ वर्षांच्या आईला जिना चढवेना, तेव्हा मॅडम फाइल घेऊन खाली आल्या. ऑटोत तिच्या शेजारी बसून ओळ न् ओळ वाचून दाखवली, मगच वकीलपत्रावर सही घेतली. आईनं चष्मा पुसत दोनदा विचारलं, "पोराला जेल तर नाही ना होत?" दोन्ही वेळा मॅडमनी तिचा हात धरून सांगितलं, "नाही आजी, हा वाटणीचा दावा आहे."

मनाई हुकूम मिळाला, घर आता विकता येत नाही. दावा सुरू आहे; वर्षं लागतील हे त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं.

जाल तर मृत्यूचा दाखला आणि आखीव पत्रिका न्या. सही केलेल्या कागदाची झेरॉक्स दोन्ही बाजूंनी काढा.