गुलाबी फुलांचा वेलगुलाब लावायचाय: 'न्यू डॉन' की 'झेफिरीन द्रूआँ'?

गोव्यात गुलाबाची परीक्षा पावसाळ्यातच होते. ओल्या पानांवर काळ्या ठिपक्यांची बुरशी फोफावते. 1868चा 'झेफिरीन' तिला चटकन बळी पडतो आणि पानं गाळून उघडा होतो. 1930चा 'न्यू डॉन' बराच तग धरतो. पण त्याची वाढ दांडगी, 15 फुटांपर्यंत, आणि काटे ओरबाडणारे. झेफिरीनला काटे जवळपास नाहीतच, रंग गडद, सुगंधही जास्त.

जांभ्या मातीत नुसता खड्डा खणला तर पाणी तुंबून मुळं कुजतात. वाफा वीतभर उंच करा, एक तृतीयांश कुजलेलं शेणखत मिसळा. फांद्या आडव्या बांधा, उभ्या सोडल्यास फुलं फक्त शेंड्याला.

कुंपणाला न्यू डॉन. बाल्कांवच्या (दारापुढच्या ओसरीच्या) खांबाला, येता-जाता पदर अडकतो तिथं झेफिरीन, मात्र गळलेली पानं रोज वेचायची तयारी हवी.