जी.पी. रेटिंगचे सहा महिने : एका पालकाचा अनुभव

दहावीनंतर बोटीवर जाण्यासाठी नौवहन महासंचालनालयाची मान्यता असलेला सहा महिन्यांचा निवासी जी.पी. (जनरल पर्पज) रेटिंग अभ्यासक्रम माझ्या मुलाने रायगड जिल्ह्यातील एका संस्थेत नुकताच पूर्ण केला. डेक आणि इंजिन या दोन्ही विभागांत खलाशी म्हणून काम करता यावे, अशी त्याची आखणी असते.

शिकवणुकीबद्दल तक्रारीला जागा नाही. दोरकाम शिकवणारे निवृत्त बोसन, म्हणजे डेकवरील खलाशांचे मुकादम, इतके काटेकोर होते की, बोलाइनची गाठ डोळे मिटून, पाठीमागे हात नेऊन बांधता येईपर्यंत त्यांनी कोणालाही पुढे जाऊ दिले नाही. सुट्टीत घरी आलेल्या मुलाने ती आमच्या कपडे वाळत घालायच्या दोरीवर बांधून दाखवली, तेव्हा फी थोडी तरी वसूल झाल्यासारखे वाटले. आग विझवणे, प्रथमोपचार, लाइफजॅकेट घालून उंचावरून पाण्यात उडी मारणे हे सारे प्रत्यक्ष करून घेतले गेले. जेवण मात्र बेतास बात, मासे तर कोकणात असूनही क्वचितच.

खरी नाराजी नोकरीच्या आश्वासनाबाबत आहे. प्रवेशाच्या वेळी ‘शंभर टक्के प्लेसमेंट’ असे तोंडी सांगणाऱ्या कार्यालयाने, सीडीसी, म्हणजे खलाशाची ओळख आणि सेवेची नोंद असलेले सरकारी पुस्तक, हातात आल्यावर, थोडक्यात मुलगा बोटीवर चढण्यास कागदोपत्री पात्र झाल्यावर, एका दलालाचा फोन नंबर तेवढा दिला. कंपनीची लेखी हमी आणि भरती करणाऱ्या एजन्सीचा आरपीएसएल (खलाशी भरतीचा सरकारी) परवाना पाहिल्याखेरीज पालकांनी पैसे भरू नयेत.