ताडोबा, मोहर्ली गेट: भर मे महिन्यात केलेल्या दोन सफारी

मे च्या दुसऱ्या आठवड्यात ताडोबाला जाऊन आलो, मी, नवरा, मुलगी आणि माझी आई. मोहर्लीतून कोअरची (जंगलाचा आतला, मुख्य भाग) सकाळची सफारी आणि दुसऱ्या दिवशी आगरझरी बफरची (कोअरच्या भोवतीचा पट्टा) दुपारची. पाचपैकी साडेचार देते, अर्धा का कापला ते पुढे येईलच.

मे मध्ये चंद्रपूरला कोण जातं म्हणून सगळ्यांनी वेड्यात काढलं होतं. ऊन आहेच हो, पारा ४४ च्या वर, दुपारी जिप्सीच्या दांड्याला हात लागला तर चटका बसतो. पण सागाची पानं गळालेली असतात त्यामुळे लांबपर्यंत दिसतं, आणि नाले आटल्यामुळे जनावरं उरलेल्या पाण्यावर येतातच. मागे डिसेंबरात आलो होतो तेव्हा गवत इतकं उंच होतं की रस्त्याच्या कडेला काय बसलंय ते कळायचं नाही.

पहाटे पाचला गेटवर. बुकिंग करताना जे ओळखपत्र दिलंय तेच ओरिजिनल घेऊन जा, आमच्या पुढच्या फॅमिलीकडे झेरॉक्स होती, त्यांचा अर्धा तास तिथेच गेला. मोबाईल कोअरमध्ये नेता येत नाही, आणि मला विचाराल तर हे फारच चांगलं केलंय, माझी मुलगी चार तास फक्त झाडांकडे बघत होती.

आम्हाला नंबराप्रमाणे मिळाली ती गाईड तिथल्याच गावची, पंचविशीतली मुलगी. ती सारखी वाघ वाघ करत नव्हती. गाडी बंद करायला लावायची आणि म्हणायची, "आता ऐका जी." वानर खाकरलं, चितळ ओरडलं तर लक्ष द्यायचं पण लगेच पळायचं नाही, ते बिबट्यालाही ओरडतात, कधी उगीचही. सांबर मात्र एकाच जागेवरून परत परत ओरडायला लागलं की समजायचं वाघ चालतोय. तेलिया तळ्याच्या बाजूला नेमकं तेच झालं. पोंक, मग शांतता, मग परत पोंक. पाच मिनिटांत बांबूतून वाघीण बाहेर आली, सरळ पाण्याकडे गेली, वळली आणि पाठमोरी हळूहळू पाण्यात बसली, आधी शेपूट, मग मागचे पाय, तोंड आमच्याकडे. डोळ्यात पाणी गेलेलं आवडत नाही म्हणून असं बसतात असं गाईड म्हणाली. आईने माझा हात इतका घट्ट धरला होता की बांगड्या रुतल्या.

आणि मग गर्दी. दहा मिनिटांत चौदा जिप्सी, मी मोजल्या, पुढे-मागे घासाघीस, "भैया थोडा आगे लो" चालू. वाघीण उठून रस्ता ओलांडायला आली आणि गाड्यांची भिंत बघून थांबली. आमच्या गाईडने ड्रायव्हरला गाडी मागे घ्यायला लावली, आमचा समोरचा फोटो गेला, पण त्या जागेतूनच ती पलीकडे निघून गेली. मला त्या मुलीचा फार अभिमान वाटला. बाकीच्या तेरापैकी एकही हलली नाही, म्हणून अर्धा गुण कापला.

ताडोबा १९५५ ला राष्ट्रीय उद्यान झालं, राज्यातलं सगळ्यात जुनं, आणि आईचं जन्मसालही तेच, तिने गाईडला दोनदा विचारून खात्री करून घेतली! तळ्याकाठचं तारूचं ठाणंही तिला बघायचं होतं, वाघाशी झुंजताना गेलेला गावचा प्रमुख, गोंड लोक त्याला देव मानतात आणि त्याच्यावरूनच ताडोबा नाव पडलं असं सांगतात. पौषात तिथे जत्रा भरते. रस्त्याच्या कडेचे गोंडकालीन दगडी खांबही सोडू नका.

राहिलो त्या ठिकाणाबद्दल फार लिहिण्यासारखं नाही, एसी दोनदा बंद पडला, पिठलं-भाकरी मात्र फर्स्टक्लास.

बफरला वाघ दिसला नाही. अस्वल दिसलं, दोन रानगवे दिसले, रानकुत्र्यांचं टोळकं दिसलं. पण मला लक्षात राहिलं ते वेगळंच. तेंदूपत्त्याचा, म्हणजे विडीच्या पानांचा, सीझन चालू होता, अंगणात बाया सावलीला बसून पानांचे पुडे बांधत होत्या. आदल्या दिवशी गाईड बोलली होती की तिची आईपण तेंदूला जाते, पहाटे अंधारात, पायी, चार-पाच जणी मिळून मोठ्याने बोलत बोलत. आम्ही जिप्सीत बसून दांडा धरून होतो, आणि ती बाई त्याच रानात वाकून पानं तोडते. म्हणून सांगते, गाईडला टीप देताना हात आखडता घेऊ नका, आणि बफरची एक सफारी नक्की करा.

जाणाऱ्यांसाठी: मंगळवारी बंद असतं, कोअर पावसाळ्यात १ जुलै ते ३० सप्टेंबर बंद. शनिवार-रविवारी रेट जास्त, गर्दीही जास्त, आम्ही बुधवार-गुरुवार घेतला होता तरी चौदा गाड्या होत्या. सुती ओढणी पाण्यात भिजवून डोक्याला गुंडाळा, आईने दोन्ही दिवस तेच केलं आणि तिला काही म्हणजे काही त्रास झाला नाही.